गणू वल्द रामा, रामा वल्द गणू

नागपूरच्या पश्चिमेला पंचविसेक किलोमीटरवर कळमेश्वर आहे. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या ओट्यावर तुम्ही टेकलात, तर तो आधी तुमचं नाव विचारत नाही. "कोणाचे जी तुम्ही?" असं विचारतो. आपण वडिलांचं नाव सांगायचं. तेवढ्याने ओळख पटली नाही तर आजोबांचं. मग त्याचा चेहरा उजळतो, "म्हणजे गणूजीचे नातू!", आणि चहा येतो.

हा प्रश्न खालून वर जाणारा आहे. आपण, आपला बाप, बापाचा बाप. वाट एकच आणि सरळ. उलटा प्रश्न मात्र ओट्यावर सहसा कोणी विचारत नाही: दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या एका गणूजीपासून आज नेमकी किती माणसं आहेत, आणि ती कुठे कुठे आहेत? वर चढणं म्हणजे जिन्याने जाणं. खाली उतरणं म्हणजे ओंजळीतलं पाणी उतारावर सोडून प्रत्येक ओघळामागे धावणं.

आधी कागदावर हिशेब करून पाहू. एका पूर्वजाला चार मुलं जगली, दोन मुलगे आणि दोन मुली, आणि पुढेही प्रत्येकाला तशीच चार झाली असं धरा. पाचव्या पिढीत त्याचे वंशज १,०२४ होतात. आता घरोघरी ज्या पद्धतीने वंशावळ काढतात, म्हणजे फक्त मुलग्यांची फांदी पुढे न्यायची आणि मुलीच्या नावापुढे रेघ मारायची, त्या पद्धतीने पाचव्या पिढीत किती नावं येतात? चौसष्ट. उरलेली ९६० माणसं त्याच रक्ताची असून त्या कागदावर नाहीत. खऱ्या आयुष्यात आकडे इतके नीट नसतात. मुलं दगावतात, कोणी निपुत्रिक जातो, आणि मामाची मुलगी करायची रीत असली की दोन ओघळ पुढे जाऊन पुन्हा एकात मिसळतात. तरीही सोळातला एक हे प्रमाण डोक्यात ठेवावं. "आमच्या कुळाची पूर्ण वंशावळ आहे" असं कोणी छाती फुगवून म्हणालं की मला हा आकडा आठवतो.

एवढा खटाटोप आज करतं कोण? हौस म्हणून करणारे थोडे. बहुतेकांना कागद करायला लावतो. बारावीचा निकाल लागला की तहसील कचेऱ्यांत गर्दी उसळते, कारण प्रवेशाला जातवैधता लागते आणि वैधतेला जुना पुरावा. आपल्या राज्यात २००१ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि प्रत्येक प्रवर्गाची तारीख ठरलेली आहे. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी किंवा त्याआधी आपलं घराणं इथलंच होतं आणि जात अमुकच होती, हे दाखवायचं. अठरा वर्षांच्या मुलीकडे १९६७ चा कागद कुठून असणार? तो आजोबांचा असतो. मग ती आजोबांचीच नात आहे हे दाखवणारी वंशावळ शपथपत्रावर लिहून द्यावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये असा निकाल दिला, की वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला वैधता मिळाली असेल आणि तीत फसवणूक नसेल, तर अर्जदाराला ती पुन्हा शून्यापासून सिद्ध करायला लावू नये. तेव्हापासून चुलत चुलत्याच्या वैधतेला सोन्याचा भाव आला. वर्षानुवर्षं ज्या भाऊबंदांशी बांधावरून बोलणं बंद होतं, त्यांच्या दारात माणसं पेढ्याचा पुडा घेऊन उभी राहू लागली.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमली गेली, तेव्हा हेच काम सगळ्या राज्यात मोठ्या प्रमाणावर झालं. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. विदर्भातल्या कुणब्यांना त्याचं फारसं अप्रूप वाटलं नाही. त्यांच्या आजा-पणजांच्या कागदावर जात आधीपासून लिहिलेलीच होती. ती तिथे कशी आली, ही गोष्ट इथल्या जमीन महसुलाची आहे.

तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ ला वारले आणि इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. नव्या सरकारला पहिल्यांदा हवी होती ती वसुली. गावात जमीन कोणाच्या ताब्यात, किती, कोणत्या प्रतीची आणि पैसे कोण भरणार, हे ठरवायला १८६० च्या दशकात जमाबंदी झाली. तिला इकडे बंदोबस्त म्हणतात. त्यात पूर्वी पाटीलकी करणारी कितीतरी माणसं मालगुजार, म्हणजे गावाची मालक ठरली. साधारण वीस-तीस वर्षांनी हा बंदोबस्त पुन्हा होई. प्रत्येक गावाची एक मिसल बांधली जाई: नकाशा, खसरा, जमाबंदी, आणि गावचे रीतिरिवाज लिहिलेला वाजिब-उल-अर्ज. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली आणि पुढे नवी हक्कनोंद झाली. वैधतेच्या अर्जाला जोडतात ते 'पी-१' आणि 'अधिकार अभिलेख' याच घराण्यातले कागद.

अशा कागदावरची एक ओळ जवळून पाहू. नाव नमुन्याचं आहे, घडण खरी: 'गणू वल्द रामा, कौम कुणबी, साकिन देह.' वल्द म्हणजे मुलगा. कौम म्हणजे जात. साकिन देह म्हणजे याच गावात राहणारा. बाई असेल तर नावापुढे 'जौजे', म्हणजे अमक्याची बायको, किंवा 'बेवा', म्हणजे अमक्याची विधवा. आडनाव नाही. फारसी शब्द, सरकार इंग्रजी, आणि लिहिणारा पटवारी मराठी किंवा हिंदी. अशा तिघांच्या संगनमताने आपला खापरपणजा कागदावर उतरलेला असतो.

घोळ सुरू होतो पुढच्या बंदोबस्तात. तिथे असतं, 'रामा वल्द गणू.' त्याच्या पुढच्या कागदात पुन्हा 'गणू वल्द रामा.' आपल्याकडे नातवाला आज्याचं नाव ठेवतात. त्यामुळे एकाआड एक पिढीत तेच नाव परत येतं. दोन गणूंना एकच समजलं की मधली अख्खी पिढी गिळली जाते, आणि असं झालेल्या वंशावळी मी पाहिल्या आहेत. एका घरच्या झाडात बाप मुलापेक्षा बासष्ट वर्षांनी मोठा निघाला. घरच्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. "तेव्हाची माणसं दणकट होती," म्हणाले.

शिवाय तोच गणू एका कागदात गणबा, दुसऱ्यात गणपत आणि जरा पैसा आला की गणपतराव होतो. बोलताना तो गणूजी असतोच. उलटही होतं. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून नजर लागू नये यासाठी ज्याचं नाव उकंडा किंवा कचरू ठेवलं, तो मोठा झाल्यावर शाळेत दुसऱ्याच नावाने बसतो. घरात तो उकंडाच राहतो. कागदावरचा मात्र कोणी भलताच.

मग खरा माणूस ओळखायचा कसा? जुने पटवारी यावर एक साधी युक्ती सांगतात: नाव सोडा, शेत धरा. माणूस मरतो, नाव परत येतं, पण शेत जागचं हलत नाही. खसरा क्रमांक घ्यायचा, तो पुढच्या बंदोबस्तात कोणत्या क्रमांकाला गेला ते जुन्या-नव्या नंबरांच्या तक्त्यात पाहायचं, आणि मग त्या तुकड्यावर क्रमाने कोण कोण आलं ते उतरवत जायचं. जमीन चुलत्याकडे गेली, विधवेच्या नावावर चढली, चौघांत वाटली गेली, तर प्रत्येक वेळी फेरफार नोंदला जातो आणि त्या फेरफारात वारसांची नावं येतात. गणू वारला, वारस रामा, सखाराम, आणि बेवा अमुक. एका ओळीत मृत्यूही कळतो आणि पुढची पिढीही. वंशज शोधणाऱ्याला याहून सुपीक कागद दुसरा नाही. सातबारा म्हणजे शेताचा आजचा फोटो. फेरफाराची वही हे त्याचं चरित्र.

या युक्तीची मर्यादा उघड आहे. शेत धरा म्हटलं, पण ज्याला शेतच नव्हतं त्याने काय धरायचं?

त्याच्यासाठी कोतवाल पंजी. गावात कोण जन्मलं आणि कोण मेलं हे कोतवालाने कळवायचं, अशी व्यवस्था होती. मराठी मुलखात हा कोतवाल बहुधा महार समाजातला असे. ज्याच्या स्वतःच्या नावावर वीतभर जमीन नसायची, त्याच्या सांगण्यावर गावाचे जन्म-मृत्यू लिहिले जात. आज तहसिलीत ही रजिस्टरं काढली की पान बोटांत तुटतं. रकाने असे: तारीख, बापाचं नाव, जात, गाव, आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बाळाचं नाव बहुतेक ठिकाणी नसतंच. खबर जायची तेव्हा बारसं झालेलं नसायचं आणि नंतर नाव भरायला कोण येणार? म्हणजे 'रामाला मुलगा झाला' एवढंच कळतं. कोणता मुलगा, ते आपण ठरवायचं.

ते ठरवायला शाळेचं दाखल-खारीज उपयोगी पडतं. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला जनरल रजिस्टर म्हणतात तेच हे. त्यात नाव असतं, बापाचं नाव असतं, जात असते. जन्मतारीखही असते, पण तिच्यावर विसंबू नका. अर्धं गाव १ जुलैला जन्मलेलं दिसतं. गुरुजींनी पोराला उजव्या हाताने डोक्यावरून डावा कान पकडायला लावला, हात पोचला, म्हणजे सहा वर्षांचा. चला, लिहा १ जुलै. आडनावही कितीदा याच टेबलावर जन्मलं. एका भावाला एका गुरुजींनी गावावरून आडनाव दिलं, दुसऱ्याला दुसऱ्यांनी आज्याच्या नावावरून, आणि दोन पिढ्यांनी दोन्ही घरं एकमेकांना परकी झाली. वंशजांच्या शोधात आडनावाला मी सगळ्यात शेवटी विचारतो.

कोतवाल पंजीची १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पानं हाती आली तर सावकाश वाचा. इन्फ्लुएन्झाची साथ मध्य प्रांत-वऱ्हाडावर फार वाईट कोसळली होती. देशातल्या सर्वांत जास्त मृत्यूदर असलेल्या प्रांतांत हा एक. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात 'ताप', खाली 'ताप', त्याखाली पुन्हा 'ताप'. एकाच बापाची तीन मुलं आठवड्यात गेलेली. वंशावळीत जिथे एखादी फांदी कारण न देता थांबते, तिथे आधी हे साल तपासावं. त्याआधीचे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळही तसेच.

आणि एक वळण खास या भागाचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. कळमेश्वरसारख्या गावांमधून माणसं तिथे पायी, बैलबंडीने, रेल्वेने गेली होती. त्यानंतरच्या कागदांवर जातीच्या रकान्यात 'बौद्ध' येऊ लागलं. आज्याच्या दाखल्यात 'महार', बापाच्या दाखल्यात 'बौद्ध', आणि अनेकांनी आडनावंही बदललेली. १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. तेव्हापासून या घरांना दोन्ही कागद एकत्र जोडावे लागतात. बाहेरच्याला ही विसंगती वाटते. घरच्या माणसाला तो बापाने जाणूनबुजून ओढलेला छेद असतो, आणि वंशावळीत तो जपायचा असतो.

परदेशातल्या वंशशोधकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना जनगणना मिळते. इंग्लंडमध्ये घरनिहाय तक्ते शंभर वर्षांनी उघडतात, अमेरिकेत बहात्तर वर्षांनी. १९५० ची अमेरिकी जनगणना २०२२ मध्ये खुली झाली आणि लोकांनी आपले आजे-आज्या घरबसल्या शोधले. आपल्याकडे मध्य प्रांताची पहिली मोजणी १८६६ ची, पण घरोघरचे ते कागद जपलेच नाहीत. आकडे काढले आणि चिठ्ठ्या टाकून दिल्या. १९४८ च्या जनगणना कायद्याने तर वैयक्तिक माहिती कायमची गुप्त केली. मोजलं सगळ्यांना, पण नावानिशी सापडत कोणीच नाही.

कागदाबाहेरचे वहीवाले मात्र आपल्याकडे भरपूर होते. गोंड घराण्यांचे परधान किंगरी वाजवत यजमानाची पिढ्यान् पिढ्यांची नावं गातात. रजपुतांशी नातं सांगणाऱ्या जातींचे भाट ठरावीक वर्षांनी फेरी करून नवी नावं वहीत चढवत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या तर जगप्रसिद्ध आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ सूक्ष्मपटांवर घेतल्या गेल्या आहेत. त्र्यंबकेश्वरला गेलेल्या मराठी माणसानेही आपल्या घराण्याची नामावळ उपाध्यायाकडे कधीतरी पाहिली असेल. या वह्यांबद्दल मला आदर आहे, थोडी शंकाही आहे. भाटाला दक्षिणा मिळते ती यजमान खूश झाल्यावर, आणि यजमान खूश होतो तो मूळपुरुष चितोडचा निघाल्यावर. अलीकडच्या चार-पाच पिढ्या वहीत बऱ्याच विश्वासार्ह असतात. त्यापलीकडे घोडे आणि तलवारी सुरू झाल्या की पेन्सिल खाली ठेवावी.

मुलीची रेघ मिटते असं वर म्हटलं, पण खुद्द नागपूरच्या गादीवर ती मिटली नव्हती. राजे अप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी १८१८ मध्ये पदच्युत केलं, तेव्हा गादीवर बसवलेला बाजीबा गुजर हा दुसऱ्या रघूजींचा मुलीकडचा नातू. त्याला भोसले घराण्यात दत्तक घेतलं आणि तो तिसरा रघूजी झाला. म्हणजे पस्तीस वर्षं राज्य केलेला हा राजा नुसत्या वंशावळीच्या नियमाने पाहिला तर त्या ९६० मधला. दत्तकविधानाने त्याला चौसष्टांत आणलं. त्याच्यामागे राणीने घेतलेला दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्यापुरता मानला नाही. पुढे त्या जानोजींना 'देऊरचे राजाबहादूर' हा किताब तेवढा मिळाला. वंश कोणाचा मानायचा हे रक्ताइतकंच दरबार ठरवतो.

आज ते कायदा ठरवतो. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने मुलगी जन्माने सहहिस्सेदार झाली. आपल्या राज्याने तशी दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती, पण तिचा लाभ त्यानंतर लग्न होणाऱ्या मुलींपुरता होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये, वडील २००५ ला हयात असोत वा नसोत, हा हक्क आहेच असं स्पष्ट केलं. परिणाम कळमेश्वरच्या आसपास, मोहप्याच्या संत्राबागांपासून धापेवाड्याच्या नदीकाठापर्यंत दिसतो: वारसाच्या फेरफारात आता बहिणी आहेत, मेलेल्या बहिणींची मुलं आहेत, आणि एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं. त्यातल्या बऱ्याच जणी लगेच हक्कसोड करून देतात, 'भावाचं घर राहावं' म्हणून. पण सोडण्यासाठी का होईना, त्यांचं नाव आधी लिहावं लागतं. पुढच्या शतकातल्या वंशशोधकाला ते सापडेल.

आधीच्या शतकातल्या मुलींचं काय? त्यांच्यासाठी कचेरीत जाऊन उपयोग नाही. म्हाताऱ्या बाईजवळ बसावं आणि "नातेवाईक कोण कोण" असं विचारू नये. कोणीच नीट सांगू शकत नाही. "तुमच्याकडे सुतक कोणाकोणाचं धरता?" असं विचारावं. लगेच यादी येते. दहा दिवसांचं ज्यांचं, ती भाऊकी. लग्न होऊन गेलेल्या मुलीला आई-बापाचं तीन दिवसांचं, म्हणून ती कोण कोण तेही निघतं. कोणाच्या मरणाने कोणाच्या घरचा सण अडला हे बायका पन्नास वर्षांनीही विसरत नाहीत. अक्षय्यतृतीयेला घागर भरताना कोणाकोणाचं नाव घेता, हाही तसाच हुकमी प्रश्न. त्यात अविवाहित गेलेला दीर आणि बाळंतपणात गेलेली जाऊ निघते, ज्यांना कुठल्याच फेरफारात जागा नाही.

आणि मग आहेराची वही मागावी. पेटीत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली असते. लाल कापडी पुठ्ठ्याची, वर हळदीचं बोट. सरकारने बंदोबस्त केला तो घेणं वसूल करायला. ही वही ठेवली ती देणं फेडायला, कारण आलेला आहेर त्यांच्या कार्यात परत करायचा असतो. म्हणून इथे जावई आहेत, आत्या आहेत, मावसभावांची गावं आहेत. माझ्या पाहण्यातल्या एका वहीत एका पानावर, शाई पसरलेली, पण वाचता येण्याजोगी ओळ होती: थोरली आत्या, मोहपा, लुगडं एक, चोळी एक, रोख सव्वा रुपया. समासात वेगळ्या अक्षरात कोणीतरी नंतर लिहिलं होतं, 'फेडला. तिच्या नातीच्या लग्नात, काटोल.' मोहप्याहून काटोलला गेलेला तो ओघळ मला कुठल्याच मिसलीत सापडला नव्हता.